‘मुळातच हुशार’ या समजुतीची किंमत

मराठी शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या विशेषणांत ‘ढ’ या एकाक्षरी शब्दाइतका चिवट शब्द दुसरा नसेल, आणि त्याच्या उगमाविषयी जे सांगितले जाते तेही लक्षात घेण्याजोगे आहे. अशोककालीन ब्राह्मी लिपीतील बहुतेक अक्षरांची वळणे शतकानुशतके बदलत जाऊन आजची देवनागरी घडली, परंतु ‘ढ’ हे अक्षर जवळपास जसेच्या तसे राहिले. म्हणून कितीही शिकवले तरी ज्याच्यात फरक पडत नाही अशा विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणण्याची रीत पडली, असे ते स्पष्टीकरण आहे. या शब्दाच्या पोटात एक संपूर्ण सिद्धान्त दडलेला आहे: बुद्धी जन्मतः जेवढी मिळाली तेवढीच राहते, आणि शिकणे म्हणजे मिळालेल्या वाट्यातून खर्च करणे. हाच सिद्धान्त कौतुकाच्या रूपातही घरोघरी वावरतो. ‘मुळातच हुशार आहे’, ‘गणित तर तिच्या रक्तातच आहे’ ही वाक्ये ऐकायला गोड असली तरी ती ‘ढ’ या शिक्क्याचीच दुसरी बाजू आहेत, आणि त्यांचा परिणाम मुलांवर काय होतो याचा पद्धतशीर अभ्यास मानसशास्त्राने गेल्या अर्धशतकात केला आहे.

या अभ्यासाचा विषय प्रत्यक्ष क्षमता हा नसून क्षमतेविषयीची धारणा, म्हणजे ‘आपली बुद्धी वाढू शकते की नाही’ याविषयी माणसाच्या मनात नकळत मुरलेली समजूत, हा आहे. दोन विद्यार्थ्यांची तयारी अगदी सारखी असली तरी अवघड उदाहरणापाशी अडल्यावर एक जण ‘अजून जमत नाही’ असे मानून दुसरी रीत शोधतो आणि दुसरा ‘आपल्याला जमणारच नाही’ असे मानून वही मिटतो, आणि अशा शेकडो प्रसंगांची बेरीज होत गेल्यावर काही वर्षांनी त्या दोघांच्या प्रत्यक्ष क्षमतेतही अंतर पडलेले असते.

बुद्धी ही मोजून कायमची नोंदवून ठेवण्याची वस्तू आहे या समजुतीला आधुनिक काळात सर्वांत मोठे बळ बुद्धिमापन चाचण्यांनी दिले, आणि खेदाची गोष्ट अशी की या चाचण्यांच्या जनकाला ते मुळीच अभिप्रेत नव्हते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये पहिली व्यवहार्य चाचणी तयार केली ती सर्वसाधारण वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळे आणि अधिक चांगले शिक्षण देता यावे यासाठी. बुद्धी ही वाढवता न येणारी ठरीव मात्रा आहे असे मानणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ मधील आपल्या ग्रंथात कठोर टीका केली आणि अशा निराशावादाचा प्रतिकार केला पाहिजे असे बजावले. हातापायाचे व्यंग व्यायामाने सुधारावे तसे लक्ष, स्मरण आणि इच्छाशक्ती सरावाने सुधारता येतात असे ते मानत, आणि मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात त्यांनी सुचवलेल्या व्यायामांत, खुणेसरशी पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याच्या खेळाचाही समावेश होता. कारण स्वस्थ बसून लक्ष देणे हे आधी शिकवावे लागते, मगच वाचन आणि अंकगणित, हे त्यांनी ओळखले होते. १९११ मध्ये बिने यांचे निधन झाले. त्यानंतर अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्याच चाचणीची सुधारित आवृत्ती काढली, परंतु टर्मन यांचा बुद्धीच्या आनुवंशिकतेवर दृढ विश्वास असल्यामुळे मदतीची गरज शोधण्याचे साधन हळूहळू माणसांची प्रतवारी लावण्याचे साधन झाले आणि ‘बुद्ध्यंक’ हा शब्द जन्मकुंडलीतील ग्रहासारखा माणसाला कायमचा चिकटला.

या विचाराला प्रयोगाच्या पातळीवर आव्हान देण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्याकडे जाते. त्यांनी ‘माइंडसेट’ ही संज्ञा रूढ केली. मराठीत तिला मनोधारणा म्हणता येईल, आणि तिचे दोन प्रकार असे: क्षमता ठरलेली आहे असे मानणारी स्थिर मनोधारणा, आणि योग्य प्रयत्न, योग्य रीत व इतरांची मदत यांनी क्षमता वाढते असे मानणारी विकासशील मनोधारणा. क्लॉडिया म्यूलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग जवळून पाहण्यासारखे आहेत. पाचवीच्या मुलांना आकृत्यांची दहा सोपी कोडी दिली गेली आणि ती सोडवून झाल्यावर प्रत्येकाला उत्तम गुण मिळाल्याचे सांगून एका वाक्यात शाबासकी देण्यात आली. काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले गेले, तर काहींना ‘तू चांगली मेहनत घेतलीस’ असे. पुढे कोणत्या प्रकारचे काम हवे असे विचारल्यावर हुशारीची शाबासकी मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांनी आपली हुशारी टिकून दिसेल असे काम निवडले, आणि मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांपैकी बहुतेक सर्वांनी काही नवे शिकता येईल असे काम मागितले. त्यानंतर सर्वांना अवघड कोडी देऊन निकाल वाईट लागल्याचे सांगितले गेले, आणि शेवटी पहिल्याइतकीच सोपी कोडी पुन्हा दिली गेली, तेव्हा ‘हुशार’ मुलांची कामगिरी स्वतःच्याच पहिल्या कामगिरीपेक्षा घसरली आणि ‘मेहनती’ मुलांची सुधारली. सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद याहून निराळी आहे. दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलांसाठी आपले गुण निनावी लिहून ठेवायला सांगितले असता हुशारीची शाबासकी मिळालेल्या गटातील सुमारे ३८ टक्के मुलांनी ते खोटे सांगितले, तर मेहनतीच्या गटात हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. कौतुकाच्या एका वाक्याने मुलांना खोटे बोलण्याइतके भित्रे करावे, ही गोष्ट प्रत्येक पालकाने थांबून विचार करावा अशी आहे.

या भित्रेपणाचे कारण समजण्यासारखे आहे. यश हे हुशारीचे प्रमाण ठरले की अपयश आपोआप हुशारीच्या अभावाचे प्रमाण ठरते; मग अवघड काम टाळणे, शंका न विचारणे आणि चूक लपवणे हे सगळे त्या मुलाच्या दृष्टीने शहाणपणाचेच होऊन बसते. ब्लॅकवेल, त्शेस्नीव्स्की आणि ड्वेक यांनी न्यूयॉर्कमधील सातवीच्या ३७३ विद्यार्थ्यांचा दोन वर्षे मागोवा घेऊन २००७ मध्ये दाखवून दिले की सुरुवातीला गणितातील गती सारखीच असलेल्या मुलांपैकी बुद्धी वाढते असे मानणारी मुले पुढे सरकत राहिली आणि ती ठरलेली असते असे मानणारी होती तिथेच राहिली.

विकासशील धारणा ही केवळ मनाची समजूत घालणे नाही, याला दुसऱ्या दिशेनेही पुरावा मिळतो. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे उदाहरण प्रसिद्ध केले. सेकंदाला एक या वेगाने वाचलेले अंक ऐकून ओळीने परत सांगण्याची त्याची मर्यादा सुरुवातीला चारचौघांसारखीच, म्हणजे सात अंकांची होती, आणि सुमारे २३० तासांच्या सरावानंतर ती ७९ अंकांवर गेली. हा तरुण लांब पल्ल्याचा धावपटू होता, त्यामुळे ३, ४, ९, २ असे अंक कानावर पडले की तो त्यांचे एक मैलाच्या शर्यतीतील ३ मिनिटे ४९.२ सेकंद असे रूपांतर करी आणि सुटे अंक साठवण्याऐवजी ओळखीच्या वेळा साठवी. परंतु अंकांऐवजी अक्षरे वाचून दाखवताच त्याची मर्यादा पुन्हा सहावर येई. वाढली होती ती स्मरणशक्ती नावाची एखादी सर्वसाधारण शक्ती नव्हे, तर एका विशिष्ट कामाची रीत आणि तिच्यावरचे प्रभुत्व, आणि क्षमतेच्या वाढीविषयी बोलताना हा भेद विसरणारी माणसे लोकांना खोटी आशा विकतात. लंडनमधील टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातील सुमारे २५,००० रस्ते तीन-चार वर्षे घालवून पाठ करावे लागतात; कॅथरीन वूलेट आणि एलिनॉर मग्वायर यांनी २०११ मध्ये अशा ७९ उमेदवारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्थळस्मृतीशी संबंधित भागात वाढ झालेली आढळली, आणि ही वाढ प्रशिक्षणापूर्वी त्यांच्यात नव्हती.

असे असले तरी धारणा ही एकट्या माणसाच्या डोक्यात जन्म घेत नाही, आणि या विषयावरील लोकप्रिय पुस्तकांतून नेमका हाच मुद्दा निसटतो. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांमध्ये तथाकथित उच्च जातींतील ३२१ आणि तथाकथित खालच्या जातींतील ३२१ शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली आणि सोडवलेल्या कोड्यांनुसार पैसे देऊ केले. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक नव्हता. मात्र सर्वांसमक्ष प्रत्येकाचे नाव, वडिलांचे व आजोबांचे नाव, गाव आणि जात वाचून दाखवल्यावर मोठी दरी पडली, कारण खालच्या मानलेल्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. आणि मोबदल्यात चिठ्ठीचा, म्हणजे माणसाच्या हातात नसलेल्या निवडीचा भाग आणताच ती दरी नाहीशी झाली. मुलांचे डोके तेच होते आणि कोडीही त्याच प्रकारची होती. बदलली होती ती आपल्या श्रमाला न्याय मिळेल की नाही याविषयीची अपेक्षा, आणि ती अपेक्षा त्या मुलांनी कल्पनेतून नव्हे, तर भोवतालच्या अनुभवातून शिकलेली होती.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगण्याची गरज पडू नये. स्त्रिया आणि अस्पृश्य मानलेल्या जाती यांच्या ठायी विद्येची पात्रताच नाही, ही स्थिर मनोधारणा येथे धर्माच्या आणि रूढीच्या बळावर शतकानुशतके राबवली गेली. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून या धारणेला उत्तर दिले ते वादविवादाने नव्हे, तर फळा, पाटी आणि रोजचा वर्ग यांनी. फुले यांच्या शाळेत शिकलेल्या, मातंग समाजातील अवघ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला, तेव्हा पात्रतेविषयीचा तो सगळा सिद्धान्त एका शाळकरी मुलीने खोटा ठरवला होता.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वक्षमता-विश्वासाची संकल्पना, म्हणजे ‘हे विशिष्ट काम मला करता येईल’ हा भरवसा, येथे उपयोगी पडते. बांडुरा यांच्या मते हा भरवसा चार वाटांनी येतो: काम स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते जमताना पाहणे, विश्वासातील माणसाचे शब्द, आणि काम करतानाची शरीर-मनाची अवस्था. यांत सर्वांत बळकट वाट पहिली आहे, आणि नुसत्या शब्दांनी दिलेला धीर पहिल्याच अपयशात ओसरतो.

म्हणूनच या संशोधनाच्या मर्यादा झाकून ठेवण्याचे कारण नाही. सिस्क आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा होता की मनोधारणा बदलण्याच्या उपक्रमांचा गुणांवरील सरासरी परिणाम फारच अल्प असतो. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला; तासाभराहून कमी वेळाच्या संगणकीय पाठामुळे मागे असलेल्या मुलांचे गुण चार गुणांच्या श्रेणीत सुमारे एक दशांश गुणाने वाढले, आणि जेथे अवघड काम अंगावर घेण्याला वर्गमित्रांचाही पाठिंबा होता अशा शाळांत हा लाभ टिकला. वाढ लहान आहे, पण तासाभराच्या खर्चाच्या मानाने ती क्षुल्लक नाही. भिंतीवर ‘प्रयत्नांती परमेश्वर’ लिहिलेला फलक लावायचा आणि त्याच वर्गात गुणांप्रमाणे बाके लावायची, अशा शाळेतून मात्र यातले काहीही निष्पन्न होणार नाही. ड्वेक यांनी स्वतःच पुढे इशारा दिला की रीत चुकत असताना केवळ मेहनतीचे कौतुक करत राहणे हा विकासशील धारणेचा विपर्यास आहे. ज्या मुलाला भागाकाराची पायरीच कळलेली नाही त्याला ‘आणखी प्रयत्न कर’ असे सांगणे म्हणजे त्याचे अपयश त्याच्याच माथी मारणे होय.

प्रगतिपुस्तकातील शेऱ्याच्या रकान्यात ‘गणितात कच्चा’ असे दोन शब्द लिहायला क्षणही लागत नाही. ‘अपूर्णांकांची बेरीज करताना छेद समान करण्याची पायरी सुटते, ती पंधरा दिवसांत करून घेऊ’ असे लिहायला त्या मुलाची वही उघडून पाहावी लागते. शिक्षकांनी ही दुसरी ओळ लिहावी, आणि ती लिहिलेली नसेल तर पालकांनी ती मागून घ्यावी.