रेंजफाइंडर कॅमेऱ्यावरील जुनी टेलिफोटो भिंगे

रेंजफाइंडर कॅमेऱ्यावरील जुनी टेलिफोटो भिंगे ही साधारणतः १९३० ते १९७० या काळात ३५ मिमी फिल्मच्या रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक जोडलेल्या, कॅमेऱ्यांसाठी तयार झालेली ८५ ते १३५ मिमी नाभीय अंतराची भिंगे होत. लायका, कॉन्टॅक्स, निकॉन आणि कॅनन या कॅमेऱ्यांवर, तसेच सोव्हिएत संघातील फेड, झोर्की व किएव्ह यांवर ती वापरली जात. फिल्मवर छायाचित्रण करणारे हौशी आजही ती विकत घेतात. अशा भिंगाने काढलेले चित्र स्पष्ट येणे हे केवळ काचेच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते. भिंग व कॅमेरा यांमधील यांत्रिक जोडणी अचूक असावी लागते. एसएलआर या नावाने परिचित असलेल्या परावर्ती कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातूनच पाहतो आणि फोकस चुकला तर ती चूक त्याला तेथेच दिसते. रेंजफाइंडरमध्ये ती दिसत नाही, फिल्म धुतल्यावरच कळते. जुने भिंग विकत घेताना होणारी फसगत बहुधा या फरकाकडे झालेल्या दुर्लक्षातून होते.

संज्ञा

व्यवहारात दीर्घ नाभीय अंतराच्या प्रत्येक भिंगाला टेलिफोटो म्हटले जाते. काटेकोर अर्थाने टेलिफोटो रचनेत पुढे प्रकाश एकत्र आणणारा व मागे तो किंचित पसरवणारा असे भिंगांचे दोन गट असतात, आणि त्यामुळे भिंगाची लांबी त्याच्या नाभीय अंतरापेक्षा कमी राहते. अशा रचनेचे पेटंट इंग्लंडमधील थॉमस रुडॉल्फस डॅलमायर यांनी १८९१ मध्ये घेतले. या अर्थाने लाइट्झ कंपनीचे १३५ मिमी 'हेक्टर' टेलिफोटो नव्हे, तर केवळ दीर्घ नाभीय अंतराचे भिंग आहे; त्याच कंपनीचे १९६५ मधील 'टेले-एल्मार' मात्र खरे टेलिफोटो आहे. या लेखात व्यवहारातील व्यापक अर्थ घेतला आहे.

इतिहास

भिंगाशी जोडलेला अंतरमापक असलेला लायका २ आणि झाइस समूहाचा कॉन्टॅक्स हे दोन्ही कॅमेरे १९३२ मध्ये आले. लाइट्झने ९ सेंमी व १३.५ सेंमीची 'एल्मार' आणि पुढे 'हेक्टर' ही भिंगे दिली; कॉन्टॅक्ससाठी लुडविग बेर्टेले यांच्या 'झोनार' रचनेची ८.५ सेंमी एफ/२ व १३.५ सेंमी एफ/४ ही भिंगे तयार झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली. तेथे कॉन्टॅक्सचा 'किएव्ह' झाला आणि झोनारच्या रचनेवरून 'ज्युपिटर-९' (८५ मिमी एफ/२) व 'ज्युपिटर-११' (१३५ मिमी एफ/४) ही भिंगे निघाली.

जपानी भिंगांना पाश्चात्त्य जगात मान मिळवून देण्यात एका टेलिफोटो भिंगाचा वाटा आहे. 'लाइफ' नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन १९५० मध्ये जपानमध्ये असताना जुन मिकी यांनी ८५ मिमी निक्कोर भिंगाने त्यांचे छायाचित्र काढले. ते पाहून प्रभावित झालेल्या डंकन यांनी कोरियन युद्धाचे चित्रण निक्कोर भिंगांनी केले. पुढे १९५९ मध्ये निकॉन एफ हा परावर्ती कॅमेरा आला आणि लांब भिंगांचे काम हळूहळू त्या प्रकाराकडे गेले.

जोडणीचे कार्य

रेंजफाइंडरच्या खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवले की त्याच्या मागील बाजूचा कॅम कॅमेऱ्यातील एका चाकीला ढकलतो, चाकीमुळे आतील आरसा किंवा लोलक कलतो आणि दोन प्रतिमा एकमेकींवर आल्या की अंतर जुळले असे मानले जाते. लायका पद्धतीत ही सर्व यंत्रणा ५१.६ मिमी नाभीय अंतराच्या प्रमाणभूत भिंगासाठी आखलेली आहे. तेवढ्या नाभीय अंतराचे भिंग जितके पुढे सरकते तितकीच चाकी सरकते. १३५ मिमीच्या भिंगाची गोष्ट निराळी आहे. ३ मीटरवरील वस्तूसाठी ते अनंत अंतराच्या स्थितीपासून सुमारे ६.४ मिमी पुढे यावे लागते, चाकी मात्र ०.९ मिमीच सरकली पाहिजे. म्हणून भिंगाच्या नळीत वेगवेगळ्या चालीचे आटे कापून हे प्रमाण साधलेले असते.

या रूपांतरामुळे जोडणीतील चूकही तितक्याच पटीने वाढते. १३५ मिमी भिंगाच्या बाबतीत ही पट जवळजवळ सात आहे, ९० मिमीच्या बाबतीत तीन. कॅम झिजल्यामुळे किंवा दुरुस्तीत एखादी पातळ चकती राहून गेल्यामुळे चाकीच्या जागी ०.०२ मिमीचा फरक पडला, तर १३५ मिमी भिंगाची प्रतिमा फिल्मपासून सुमारे ०.१४ मिमी ढळते. एफ/४ छिद्रावर दोन्ही बाजूंना ०.१२ मिमीपर्यंतचीच चूक खपते. केसाच्या जाडीहून कमी असलेला हा फरक हाताला जाणवत नाही आणि काच कितीही निर्मळ असली तरी भरून निघत नाही.

आधाररेषा

अंतरमापकाच्या दोन खिडक्यांमधील अंतराला आधाररेषा म्हणतात. तिला दर्शकाच्या विशालनाने गुणले की प्रभावी आधाररेषा मिळते, आणि अंतरमापक किती बारकाईने जुळवता येईल हे तिच्यावर ठरते. आवश्यक आधाररेषा नाभीय अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि छिद्र लहान केले की कमी होते. डोळ्याची सूक्ष्मता ०.०००३ रेडियन व फिल्मवरील अनुमत अस्पष्टता ०.०३ मिमी धरल्यास ९० मिमी एफ/२ भिंगाला सुमारे ४१ मिमी, १३५ मिमी एफ/४ ला ४६ मिमी, १३५ मिमी एफ/२.८ ला ६५ मिमी आणि २०० मिमी एफ/४ ला १०० मिमी प्रभावी आधाररेषा लागते.

प्रत्यक्ष कॅमेऱ्यांत लायका एम३ ची प्रभावी आधाररेषा सुमारे ६२ मिमी, लायका ३एफची ५८, ०.७२ विशालनाच्या एम६ ची ५० आणि कॅनन ७ ची ४७ मिमी आहे. अलीकडील बेसा आर फक्त २५ मिमीवर थांबतो. या आकड्यांवरून १३५ मिमी एफ/४ हीच या कॅमेऱ्यांची व्यावहारिक सीमा का ठरली ते दिसते. १९६३ च्या १३५ मिमी एफ/२.८ एल्मारिटला लाइट्झने प्रतिमा दीडपट करणारा चष्मा जोडला, तोही याच कारणाने. लायका सीएलची प्रभावी आधाररेषा जेमतेम १९ मिमी. तिच्यासाठी दिलेले ९० मिमी भिंग एफ/४ चे होते आणि त्याला वरील हिशेबाने २० मिमी लागते. निर्मात्यांनी हा हिशेब मांडलेला असतो, जुना कॅमेरा व जुने भिंग वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणाऱ्याला तो स्वतः मांडावा लागतो. बेसा आरवर ८५ मिमी एफ/२ भिंग बसते, पण पूर्ण उघड्या छिद्रावर त्याचा भरवसा नाही. एफ/४ वर ते निर्धास्त वापरता येते. २०० मिमी व त्यापुढील भिंगांसाठी लायकावर 'व्हिझोफ्लेक्स' ही आरशाची पेटी बसवून त्याचाच परावर्ती कॅमेरा करावा लागत असे.

बसते, पण जुळत नाही

जुन्या लायकाचे भिंग ३९ मिमी व्यासाच्या आणि इंचाला २६ आटे असलेल्या चौकटीत बसते. भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी असते. या व्यासाच्या आट्यांचे नाव 'एम३९' असे रूढ आहे आणि विक्रीच्या यादीत पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते. सोव्हिएत झेनिट या परावर्ती कॅमेऱ्याची सुरुवातीची भिंगेही एम३९ चीच. त्यांचे बैठकीचे अंतर मात्र ४५.२ मिमी आहे आणि त्यांना कॅम नसतो. असे भिंग लायकावर किंवा झोर्कीवर व्यवस्थित फिरून बसते, पण दूरचे काहीच स्पष्ट येत नाही. ज्युपिटर-९ आणि ज्युपिटर-११ दोन्ही प्रकारांत निघाल्यामुळे नावावरून उलगडा होत नाही. मागील बाजूचे छायाचित्र मागून घ्यावे आणि तेथे आतबाहेर सरकणारे गुळगुळीत धातूचे कडे आहे याची खात्री करावी. जर्मन पॅक्झेट कॅमेऱ्याची तसेच छपाईच्या एन्लार्जरची भिंगेही अशाच आट्यांत मिळतात आणि येथे निरुपयोगी ठरतात.

१९५४ नंतरच्या एम मालिकेत बायोनेट बैठक आली आणि हे अंतर २७.८ मिमी झाले. १ मिमी जाडीचे कडे बसवून जुनी भिंगे एम कॅमेऱ्यावर वापरता येतात. हे कडे दर्शकातील योग्य चौकट पुढे आणणारे हवे; १३५ मिमी भिंगाला ५० मिमीचे कडे लावले तर फोकस बिघडत नाही, चौकट मात्र चुकीची दिसते.

निकॉन व कॉन्टॅक्स यांच्या बैठकी इतक्या सारख्या आहेत की एकाचे भिंग दुसऱ्यावर सहज बसते. विशाल कोनाच्या भिंगांना हा फरक पचतो. ८५ व १३५ मिमी भिंगांना तो पचत नाही, कारण दोन्ही पद्धतींत फिरकी व सरकणे यांचे प्रमाण वेगळे आहे. म्हणून निकॉनसाठी निकॉनचे आणि किएव्हसाठी कॉन्टॅक्स पद्धतीचेच टेलिफोटो घ्यावे.

आणखी एक प्रकार लाइट्झच्या भिंगांपुरता आहे. ९० व १३५ मिमीच्या अनेक भिंगांचा पुढील काचेचा भाग व्हिझोफ्लेक्सवर वापरण्यासाठी फोकसच्या नळीतून उलगडून निघतो. त्यामुळे बाजारात कधी नुसताच पुढील भाग विकला जातो, तर कधी एका भिंगाची काच दुसऱ्याच्या नळीत बसवलेली असते. प्रत्येक काचेचे प्रत्यक्ष नाभीय अंतर किंचित वेगळे असल्याने अशी जोडी जवळच्या अंतरावर चुकते.

खरेदीपूर्व तपासणी

प्रथम कॅमेरा निर्दोष आहे हे ५० मिमीच्या खात्रीच्या भिंगाने पाहून घ्यावे. अन्यथा दोष कोणाचा हे ठरत नाही. मग टेलिफोटो लावून दूरचा मनोरा किंवा खांब पाहावा. भिंग अनंत खुणेवर टेकले असता दोन प्रतिमा एकरूप झाल्या पाहिजेत. यानंतर जवळच्या अंतराची परीक्षा, आणि खरी परीक्षा तीच. ज्या कॅमेऱ्याची पाठ उघडते त्यात फिल्मच्या मार्गिकेवर घासलेल्या काचेचा तुकडा ताणरहित व सपाट बसवावा, शटर 'बी' वर उघडे धरावे, छिद्र पूर्ण उघडावे आणि दीड-दोन मीटरवरील छापील मजकुरावर रेंजफाइंडर जुळवून काचेवरील प्रतिमा भिंगाने न्याहाळावी. खालून फिल्म भरण्याच्या जुन्या लायकात हे शक्य नसते. तेथे तिरपी ठेवलेली मोजपट्टी तिपाईवरून फिल्मवर टिपून, ज्या आकड्यावर फोकस केला तोच ठळक आला का ते पाहावे लागते. दुकानात एवढा अवकाश मिळत नसल्याने परत करण्याची मुदत ठरवून घेणे श्रेयस्कर.

काच पाहताना विजेरी मागून तिरपी धरावी. पुढील काचेवरील ओरखडे डोळ्यात भरतात आणि त्यामुळे किंमत उतरते. चित्रावर मात्र त्यांचा परिणाम अल्प असतो. आतील धुरकटपणा साध्या उजेडात दिसतही नाही, आणि चित्रातील काळा रंग राखाडी करतो तो हाच. ग्राहक पहिल्याला घाबरतात व दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतात. धुरकटपणा पुष्कळदा साफ करता येतो. जाळ्यासारखी पसरलेली बुरशी काढल्यावर काचेवर तिचे व्रण उरू शकतात, आणि चिकटवलेल्या काचा सुटून कडेला चमकदार डाग दिसत असतील तर दुरुस्ती भिंगाच्या किमतीहून महाग पडते. छिद्राच्या पात्यांवरील तेल परावर्ती कॅमेऱ्याच्या भिंगात घातक असते, कारण तेथे पाती क्षणार्धात मिटावी लागतात. येथे छिद्र हाताने आधीच ठरवलेले असते, म्हणून त्याचे भय कमी. तेच तेल उडून काचेवर बसू शकते एवढे लक्षात ठेवावे. सोव्हिएत भिंगांच्या क्रमांकातील पहिले दोन अंक बहुधा निर्मितीचे वर्ष सांगतात.

वापर

९० मिमी एफ/२ भिंग ३ मीटरवर पूर्ण उघडे वापरले तर स्पष्टतेची खोली सुमारे १३ सेंमी असते, दीड मीटरवर ती ३ सेंमीच्या आसपास येते. व्यक्तिचित्रात एक डोळा स्पष्ट व दुसरा अस्पष्ट होण्यास एवढे पुरेसे आहे. अंतर जुळवताना चष्म्याची कड किंवा खिडकीची चौकट अशी उभी रेषा निवडावी, कारण बहुतेक रेंजफाइंडर आडव्या रेषेवर काहीच सांगत नाहीत. अंतर जुळल्यावर शरीर पुढेमागे झुकले तरी मेहनत वाया जाते.

०.७२ विशालनाच्या दर्शकात १३५ मिमीची चौकट फारच लहान दिसते. एम३ येथे सरस आहे. त्याच्या दर्शकात ५०, ९० व १३५ याच चौकटी आहेत आणि प्रतिमा डोळ्याला दिसते त्याच्या जवळपास मोठी असते. वर लावायचा स्वतंत्र दर्शक वापरल्यास जवळच्या वस्तूसाठी त्याची खूण अंतराप्रमाणे फिरवावी, नाहीतर डोक्याचा वरचा भाग कापला जातो. हातात धरून १३५ मिमी वापरताना शटरचा वेग १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. युद्धपूर्व भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप सहसा नसतो. उजेडाकडे तोंड करून चित्र घेताना त्यांना खोल झाकणी लावणे अपरिहार्य आहे.

साठवण

दमट हवा ही या भिंगांची शत्रू आहे. मुंबई, कोकण व गोवा येथे पावसाळ्यात चामड्याच्या मूळ पेटीत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण चामडे ओलावा धरून ठेवते. पेटी जपायची असेल तर ती वेगळी ठेवावी. भिंग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि दाणे रंग बदलू लागले की मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरावेत. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणे योग्य.