भट्टीतले खत, अंगणातली हिरवळ

भिलाईच्या पोलाद कारखान्यात दगडी कोळसा थेट झोतभट्टीत टाकत नाहीत. आधी तो कोक ओव्हनमध्ये, हवा लागू न देता, हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजतात. मागे कोक उरतो आणि वर उग्र वासाचा वायू निघतो. ज्या वनस्पतींचा कोळसा झाला, त्यांच्यातला नत्र या वायूत अमोनियाच्या रूपाने असतो. वायू सौम्य गंधकाम्लातून नेला, की अमोनिया आणि आम्लाचा संयोग होऊन साखरेसारखे पांढरे स्फटिक तयार होतात. हेच अमोनियम सल्फेट. एक टन कोळशामागे ते साधारण दहा किलो मिळते. भिलाईचे नाव देशभर रेल्वेच्या रुळांमुळे पोहोचले. पण पिकांना आणि गवताला लागणारे हे खतही त्याच कारखान्याचे उपउत्पादन आहे.

या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची टाउनशिप वसली. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. नागपूर, भंडारा, गोंदिया तर रेल्वेच्या त्याच मार्गावरचे, त्यामुळे मराठी कुटुंबेही पुष्कळ आली. क्वार्टरपुढे मोकळी जागा असल्याने मागे कढीपत्ता, पपई, टोमॅटो आणि पुढे चार हातांचे लॉन अशी बाग घरोघर दिसते. मैत्रीबागेतल्या फ्लॉवर शोमुळे बागेची हौस या गावात टिकूनही राहिली आहे. मात्र जून सरला, की तक्रार ठरलेली: गवतापेक्षा तणच जास्त. मग निंदणीला माणूस बोलावला जातो आणि केव्हातरी मूठभर युरिया फेकला जातो. ही दोन वेगळी कामे समजली जातात. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र ती एकाच कामाची दोन टोके आहेत, आणि याचा सर्वांत जुना पुरावा इंग्लंडमधल्या एका कुरणात आहे.

हार्टफर्डशायरमधल्या रॉदमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये गवताच्या कुरणाचे पट्टे पाडले आणि प्रत्येकाला वेगळे खत द्यायला सुरुवात केली. उद्देश साधा होता: कोणत्या खताने चारा किती वाढतो ते पाहणे. दोन-तीन वर्षांतच लक्षात आले, की चाऱ्याच्या वजनाबरोबर त्यातल्या वनस्पतीही बदलत आहेत. ज्या पट्ट्याला काहीच दिले नाही, तिथे आजही चाळीसच्या आसपास जाती नांदतात. स्फुरद आणि पालाश दिले पण नत्र दिला नाही, तिथे शेंगवर्गीय वनस्पती फोफावल्या, कारण त्या हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत स्वतः साठवतात. अमोनियम सल्फेटचा मोठा हप्ता दरवर्षी मिळालेल्या पट्ट्यांत मात्र रुंद पानांच्या वनस्पती जवळजवळ नाहीशा झाल्या आणि गवताच्या दोन-तीन जाती उरल्या. हा प्रयोग अजून सुरू आहे.

म्हणजे खुरपे न लावता, केवळ खत बदलून, कुरणातली वस्तीच बदलली. घरच्या लॉनमध्ये तेच घडते. जमिनीत नत्र कमी असला, की हरळी विरळ होते आणि तीन-तीन पानांची रानमेथी मोकळी जागा बळकावते. नत्र मिळाला, की हरळी धावते फुटवे टाकून ती जागा परत घेते.

लॉन सँड या जुन्या ब्रिटिश मिश्रणामागेही हेच खत आहे. भरपूर वाळू, थोडे अमोनियम सल्फेट आणि त्याहून थोडे हिराकस एवढाच त्याचा मसाला. दव असताना हे मिश्रण लॉनवर भुरभुरले, की आडव्या, रुंद पानांवर ते साचून राहते आणि पानातले पाणी ओढून घेऊन त्याला करपवते. गवताची पाती उभी आणि अरुंद असल्याने तिथून ते घसरून मातीत जाते आणि गवताचे अन्न होते.

पण या खताची एक किंमत असते. मातीतले जिवाणू अमोनियमचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, तेव्हा आम्लता तयार होते. एक किलो अमोनियम सल्फेटने आलेली आम्लता पुरती मारायला सुमारे एक किलो शंभर ग्रॅम चुनखडीची भुकटी लागते. तेवढाच नत्र युरियातून दिला, तर आम्लता साधारण एक तृतीयांशच होते. रॉदमस्टेडच्या त्या पट्ट्यांमध्ये चुना न दिलेल्या भागाचा सामू चारच्या खाली गेला. अर्धवट कुजलेल्या गवताचा जाड थर वर साचत राहिला, कारण इतक्या आंबट मातीत गांडुळे टिकत नाहीत.

म्हणूनच भिलाईत खताआधी मातीकडे पाहिले पाहिजे. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने आपल्या मातीला चार नावे दिली आहेत: उंचवट्यावरची लाल, मुरमाड भाटा, पिवळसर मटासी, तिच्याखालची डोरसा, आणि सखल भागातली काळी, चिकण कन्हार. दुर्ग आणि रायपूरच्या मैदानात चारही माती काही शेतांच्या अंतरात सापडतात. भाटा मुळातच आम्लाकडे झुकलेली आणि पाणी न धरणारी. तिथे वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेटच देत राहिले, तर हरळीच खंगते. कन्हारमध्ये चुना बऱ्यापैकी असल्याने तेच खत चांगले मानवते, शिवाय त्यातला २३ टक्के गंधक फुकट मिळतो. क्वार्टरच्या अंगणात बरेचदा भरावाची माती असते, त्यामुळे शेजारच्याचे पाहून खत ठरवण्यात अर्थ नाही. चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत दिली, की सामू कळतो.

खताने न हटणारे एक तण आहे: लव्हाळा. छत्तीसगडीत त्याला मोथा म्हणतात. तो गवतासारखा दिसतो, पण गवत नाही. ओळख बोटांनी पटते: दांडा चिमटीत धरून फिरवला, की तीन कडा टोचतात, गवताचा दांडा गोल किंवा चपटा लागतो. रोप उपटले तर बहुतेक वेळा दांडाच हातात येतो. खुरप्याने वीतभर खाली गेले, की तपकिरी, खवलेदार सालीचा गड्डा दिसतो. तो कापला तर आत पांढरा आणि सुवासिक. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा तो हाच. एका गड्ड्यापासून बारीक तंतू पुढच्या गड्ड्याकडे जातो, तिथून आणखी पुढच्याकडे. साखळी अखंड असेपर्यंत टोकाचा गड्डा इतरांना झोपवून ठेवतो. वरचे रोप ओढून साखळी तुटली, की झोपलेले गड्डे जागे होतात आणि एकाच्या जागी चार कोंब येतात.

लेरॉय होम आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक लव्हाळ्याला दिला. दुसरा क्रमांक होता हरळीचा, म्हणजे जिला आपण गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो आणि लॉन म्हणून जोपासतो तिचा. शेतकऱ्याला नकोशी करणारी तिची चिवट वाढ लॉनमध्ये मालकाच्या कामी येते. दोन्ही वनस्पतींना कडक ऊन लागते, सावली दोघींनाही सोसत नाही. म्हणून प्रश्न असा उरतो, की कोण कोणावर सावली धरणार?

इथे कात्रीचे काम खतापेक्षा मोठे ठरते. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, तर रुंद पानांच्या बहुतेक तणांचा शेंड्याला. त्यामुळे नियमित कापणीने उंच वाढणारी तणे खचतात आणि गवत दाटते. मात्र एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. लॉन अगदी बोडके केले, की माती उघडी पडते आणि तिच्यातल्या तणाच्या बियांना हवा असलेला उजेड मिळतो. पावसाळ्यात चार सेंटीमीटरच्या आसपास उंची ठेवून कापत राहिलेले दाट लॉन लव्हाळ्याच्या कोंबांना उजेड कमी पडू देते. कापलेले बारीक तुकडे तिथेच पसरू दिले, तर वर्षभराच्या नत्राचा सुमारे चौथा हिस्सा त्यांतूनच परत मिळतो.

हिशेब सोपा आहे. एका हप्त्याला चौरस मीटरमागे पाच ग्रॅम नत्र पुरतो. दहा मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद लॉनसाठी म्हणजे सुमारे अडीच किलो अमोनियम सल्फेट किंवा एक किलो शंभर ग्रॅम युरिया. भिलाईत पहिला हप्ता जूनअखेर, पावसाने जमीन ओलावल्यावर; दुसरा ऑगस्टमध्ये; तिसरा फेब्रुवारीच्या शेवटी, थंडी ओसरताना. डिसेंबर-जानेवारीत हरळी जवळजवळ थांबलेली असते, तेव्हा दिलेले खत तिच्या उपयोगी पडत नाही आणि हिवाळी तणे पोसली जातात. खत कोरड्या पानांवर फेकावे आणि लगेच पाणी द्यावे, नाहीतर लॉन सँडने तण जसे करपते तसेच गवतही ठिकठिकाणी करपते.

तणनाशकाचा मोह होतो, पण क्वार्टरच्या बागेत त्याला जागा थोडी. टू-फोर-डी रुंद पानांची तणे मारते आणि गवत सोडते. मात्र वाऱ्यावर गेलेला फवारा मागच्या टोमॅटोलाही लागतो. ग्लायफोसेट हरळीलाही सोडत नाही, आणि ऑक्टोबर २०२२ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार ते फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच वापरता येते. कुंपणाबाहेरच्या गाजरगवताला तर हातच लागतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले हे तण आता देशभर आहे आणि एकेक झाड हजारो बिया टाकते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने ऑगस्टमध्ये त्याविरुद्ध जागृती सप्ताह होतो. फुले येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हाच घरच्या पातळीवरचा उपाय. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळ येते.

लॉन नव्याने करायचे असेल, तर भिलाईचा मे महिना उपयोगी पडतो. वीतभर खोल खणून माती उलटी करावी, लव्हाळ्याचे गड्डे वर आणून दोन-तीन आठवडे उन्हात वाळू द्यावेत. वाळलेला गड्डा पुन्हा फुटत नाही. उरलेले वेचून घेतले, माती परीक्षणात गरज दिसल्यास चुन्याची भुकटी मिसळली, की पहिल्या पावसात हरळीची कांडी लावता येतात.