श्रम आणि अन्न यांचा मेळावा : वऱ्हाडातील जत्रेत तो कसा भरवावा

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी, वऱ्हाडातील शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद व तूप लावून तो शेकतो आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याला देतो. ज्याने वर्षभर जू वाहिले त्याच्या श्रमाची आठवण ठेवूनच घास घ्यावा, हा या रीतीतील भाव होय. शेतीचे ओझे बैलाप्रमाणेच माणसेही वाहतात. निंदण आणि कापसाची वेचणी ही दोन मोठी कामे तर बहुतांशी स्त्रियांच्याच हातून पार पडतात. परंतु त्यांच्या श्रमाचा आणि त्या श्रमातून पिकणाऱ्या अन्नाचा विचार साऱ्या गावाने एकत्र बसून करावा, असा दिवस पंचांगात नाही. तो निर्माण करणे गावाच्या हाती आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील जत्रा आणि आठवडी बाजार यांच्या आधाराने असा मेळावा कसा भरविता येईल, याचे विवेचन पुढे केले आहे.

मेळाव्याचा हेतू

श्रम रास्त केव्हा म्हणावेत? काम करणाऱ्यास ठरलेली मजुरी वेळेवर व पुरी मिळते, त्याच्या मापात खोट नसते आणि कामात त्याच्या जिवाला धोका पोहोचत नाही, तेव्हा. अन्न रास्त केव्हा म्हणावे? पिकविणाऱ्यास त्याचा योग्य भाव मिळतो, खाणाऱ्यास ते स्वच्छ व निर्भेळ मिळते आणि ते मजुराच्याही ऐपतीत असते, तेव्हा. या दोन गोष्टी परस्परांत गुंतलेल्या आहेत. शेतकऱ्यास भाव नसेल तर तो मजुरी कोठून देणार? मजुरी नसेल तर मजूर पोटभर अन्न कशाने घेणार? म्हणून हा मेळावा शेतकऱ्याविरुद्ध मजूर असा भरवावयाचा नसून, दोघांचा हिशेब एकाच फळ्यावर मांडण्यासाठी भरवावयाचा आहे.

वऱ्हाडातील परंपरा

ही कल्पना या भागास परकी नाही. भातकुली तालुक्यातील ऋणमोचन येथे पूर्णा नदीच्या काठी पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. गाडगे महाराजांच्या कार्याचा आरंभ याच यात्रेशी निगडित आहे. त्यांच्या प्रयत्नाने तेथे घाट उभा राहिला, आणि अंधपंगूंना अन्नवस्त्र देण्याचे कार्य त्यांनी तेथे चालविले. गावात पाऊल टाकताच आधी हाती खराटा घ्यावयाचा, गाव झाडावयाचे आणि मग भाकरी स्वीकारावयाची, हा त्यांचा क्रम होता. श्रमाआधी अन्न घ्यावयाचे नाही आणि श्रम करणाऱ्यास अन्नावाचून ठेवावयाचे नाही, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी भरणारी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन महिन्याहून अधिक काळ चालते. रोडगे आणि मातीच्या हंडीतील स्वयंपाक यांसाठी ती प्रसिद्ध आहे. गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीस हजारो लोक एकत्र येतात. श्रमाची प्रतिष्ठा हा त्यांच्या ग्रामगीतेतील एक मुख्य विषय आहे.

जत्रेचे रूपांतर शिक्षणात करण्याचा मोठा प्रयोगही वऱ्हाडच्याच सुपुत्राने केला. पापळ येथे १८९८ साली जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना, भारत कृषक समाजाच्या विद्यमाने १९५९-६० साली दिल्ली येथे जागतिक कृषी प्रदर्शन भरले. त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यास स्थापन झाले, आणि त्यांच्या जयंतीच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस, विद्यापीठाच्या प्रांगणात कृषी प्रदर्शन भरत आले आहे. मोठ्या प्रदर्शनात यंत्रे व वाण पाहावयास मिळतात. गावच्या मेळाव्यात त्या जोडीला गावचा स्वतःचा हिशेब पाहावयास मिळाला पाहिजे.

वेळ व समिती

मेळाव्यासाठी नवा दिवस शोधण्यापेक्षा चालू जत्रेचा अथवा आठवडी बाजाराचा दिवस निवडावा. वेचणीच्या हंगामात इतर दिवशी बोलाविल्यास मजुराचा रोज बुडतो, आणि ज्याच्यासाठी मेळावा तोच त्यास मुकतो. बाजाराच्या दिवशी आठवड्याचा चुकारा होत असल्याने मजुरीची चर्चा त्या दिवशी आपोआप निघते. पौष महिना आणखी एका दृष्टीने सोयीचा आहे. त्या वेळी कापूस घरात येत असतो, तूर काढणीस येते आणि गुढीपाडव्यास सालदाराचे नवे करार होण्यास दोन-तीन महिन्यांचा अवकाश असतो. मेळाव्यात झालेला विचार करारात उतरण्यास एवढा काळ पुरेसा आहे.

समिती लहान असावी, परंतु तीत लहान शेतकरी, मोठा शेतकरी, रोजंदारीवरील स्त्री मजूर, सालदार, बचत गटातील स्त्री आणि शाळेचा शिक्षक यांचा समावेश असलाच पाहिजे. मजुरांचे प्रतिनिधी मजुरांनी निवडावेत. इतरांनी त्यांची नावे सुचवू नयेत. ग्रामपंचायतीची संमती, जागा, पाणी व दिवाबत्ती यांची तजवीज महिनाभर आधी करावी. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या नोंदणीसंबंधी काय करावयाचे, याचीही आगाऊ विचारपूस करावी.

हिशेबाचा फळा

मेळाव्याचा गाभा म्हणजे हिशेबाचा फळा होय. एका मोठ्या फळ्यावर, सर्वांना वाचता येईल अशा अक्षरांत, गावातील एका कामाचा हिशेब मांडावा. उदाहरणार्थ, कापसाची वेचणी घेऊ. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्षात गावचेच आकडे घालावेत.

समजा, वेचणीचा दर किलोला १० रुपये आणि कापसाचा भाव किलोला ७० रुपये आहे. बोंडे भरपूर फुटलेली असताना एक स्त्री दिवसभरात ४० किलो कापूस वेचते. तिला ४०० रुपये मिळतात आणि शेतकऱ्याच्या घरी २,८०० रुपयांचा कापूस येतो. मजुरी उत्पन्नाच्या सातव्या हिश्शाइतकी पडते. शेवटच्या वेचणीत बोंडे विरळ असतात. तीच स्त्री तितकेच तास राबून, अधिक चालून, १५ किलोच वेचू शकते. दर तोच ठेवल्यास तिच्या हाती १५० रुपये येतात. श्रम कमी झाले नाहीत, मजुरी मात्र निम्म्याहून खाली गेली.

आता तिला ४०० रुपयेच द्यावयाचे ठरविले, तर दर किलोला सुमारे २७ रुपये पडतो. परंतु त्या दिवशी शेतकऱ्याच्या घरी आलेला कापूस १,०५० रुपयांचाच आहे. त्यातील पाच हिश्शांपैकी जवळजवळ दोन हिस्से केवळ वेचणीस गेले. म्हणजे जुना दर मजुराला मारतो आणि नवा दर शेतकऱ्याला जड जातो. हा फळा पाहिल्यावर दोघांनाही एकमेकांची अडचण कळते, आणि भांडणाची जागा विचार घेतो.

या विचारातून निघणारे उत्तर शेतीशास्त्राशी जुळणारे आहे. हंगाम संपल्यावर पाणी देऊन फरदड राखल्यास शेंदरी बोंडअळीला खाद्य मिळत राहते आणि तिचा जीवनक्रम पुढील हंगामापर्यंत खंडित होत नाही. २०१७ सालच्या हंगामात या अळीने विदर्भातील कापसाचे किती नुकसान केले, हे शेतकरी विसरलेले नाहीत. तेव्हा फरदड न घेता पीक वेळेवर संपवावे, पऱ्हाट्या काढून त्यांची विल्हेवाट लावावी आणि जमीन नांगरावी. ज्या वेचणीत मजुरालाही पुरत नाही व शेतकऱ्यालाही उरत नाही, ती लांबविण्यात कोणाचेच हित नाही. आणि विरळ वेचणी करावीच लागली, तर किलोवर दर न ठरविता रोजाने मजुरी द्यावी.

माप आणि मजुरी

फळ्याजवळ वजनकाटा ठेवावा. त्यावर वैधमापन खात्याची मुद्रा आहे किंवा नाही, हे लोकांना दाखवावे. कापूस वेचणारीच्या समक्ष मोजावा, पोत्याचे वजन वेगळे काढावे आणि वजन तिच्या वहीत लिहावे. हे प्रात्यक्षिक जत्रेत पाहिल्यावर शेतात तसे करणे अवघड वाटत नाही. त्याच ठिकाणी स्वच्छ वेचणीची स्पर्धा ठेवावी. बक्षीस सर्वांत जलद वेचणारीस न देता, ज्या कापसात पालापाचोळा, कवडी व केस नाहीत अशा कापसास द्यावे. दव असताना वेचलेला कापूस वजनाला भरतो, परंतु त्याची प्रत उतरते. म्हणून दव उडाल्यावर वेचणी सुरू करावी. काट्याचा खरेपणा शेतकऱ्याने आणि कापसाचा स्वच्छपणा मजुराने सांभाळावा, हा सौदा दोघांच्या हिताचा आहे.

शेतमजुरीला किमान वेतनाचे संरक्षण १९४८ च्या अधिनियमाने मिळाले, आणि स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या अधिनियमाने घातले. हे दोन्ही कायदे आता वेतन संहिता, २०१९ मध्ये समाविष्ट झाले आहेत. चालू दर कामगार कार्यालयाकडून लेखी मागवून फळ्यावर लावावेत. ऐकीव दर लावू नयेत.

फवारणीचे प्रात्यक्षिक

मजुरी पुरी मिळूनही जीव गेला तर तिचा उपयोग काय? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात व विदर्भातील इतर भागांत कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. मेळाव्यात साधे पाणी भरलेल्या पंपाने फवारणीचे प्रात्यक्षिक दाखवावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. उंच वाढलेल्या कपाशीत विशेष जपावे. हातमोजे, तोंडाचे आवरण व अंगभर कपडे वापरावेत. दोन-तीन औषधे आपल्या मनाने एकत्र करू नयेत. उपाशीपोटी अथवा भर उन्हात काम करू नये. संरक्षक साहित्य पुरविणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याचा खर्च मजुरीतून कापणे रास्त नव्हे.

अन्नाचे दालन

अन्नाच्या दालनात बाहेरगावचे पदार्थ मांडण्यापेक्षा ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, झुणका व रोडगे यांना मान द्यावा. पावसाळ्यात मेळावा असेल तर तरोटा, करटोली व घोळ यांसारख्या रानभाज्या ठेवाव्यात. अशा भाज्यांचे महोत्सव कृषी विभागाने अलीकडच्या वर्षांत ऑगस्ट महिन्यात भरविले आहेत. मेळघाटातील कोरकू स्त्रियांना रानभाज्यांची उत्तम पारख असते. त्यांना केवळ शोभेसाठी न आणता, जाणकार म्हणून सन्मानाने बोलवावे व त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन द्यावे.

प्रत्येक पदार्थापुढे एक पाटी असावी. धान्य कोणत्या गावचे, शेतकऱ्यास काय भाव मिळाला, स्वयंपाक करणारीस काय मजुरी मिळाली आणि ताटाची किंमत काय, एवढे तीवर लिहावे. रुपयाची वाटणी डोळ्यांना दिसली की भावाचा प्रश्न आपोआप समजतो. शेजारी लहान दालमिल चालवून दाखविता आल्यास फार चांगले. अकोल्याच्या विद्यापीठाने अशी मिनी दालमिल विकसित केली आहे. १०० किलो तुरीपासून साधारणपणे ७० ते ७५ किलो डाळ मिळते आणि चुरी-कोंडा जनावरांना होतो. गावातच डाळ केल्यास ही मिळकत गावात राहते, हे बचत गटांना त्यावरून पटेल.

ताटाची किंमत मजुरास परवडेल अशी ठेवावी. पंगत एकच असावी, आणि स्वयंपाकात व वाढण्यात सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांचा हात असावा. ज्या मेळाव्यात पंगती वेगळ्या बसतात, तेथे रास्त अन्नाची भाषा व्यर्थ आहे. पाणी झाकलेले व शुद्ध केलेले असावे. पळसाच्या पत्रावळी वापराव्यात, आणि उष्टे व पत्रावळी नाडेप टाक्यात टाकून त्यांचे खत करावे. ही पद्धत पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांची, म्हणजे विदर्भाचीच देणगी आहे.

करमणुकीशिवाय जत्रा नाही. खंजेरी भजन, भारूड व शाळेतील मुलांची नाटुकली यांतून मापातील खोट, उशिरा मिळणारा चुकारा असे विषय रंगविता येतील. मात्र गावातील कोणा एका व्यक्तीवर रोख ठेवू नये.

श्रमदान व मजुरी यांतील भेद

आयोजकांची खरी परीक्षा येथे आहे. मैदान झाडणे, मांडव घालणे, पाणी भरणे व भांडी घासणे ही कामे श्रमदानाने करावयाची असतील, तर त्यांत जमीनमालक व पदाधिकारी यांनीही मजुरांच्या बरोबरीने उतरले पाहिजे. इर्जिकेत आज एकाच्या शेतात राबलेली माणसे उद्या दुसऱ्याच्या शेतात राबतात. परतफेड असते म्हणूनच ती रास्त ठरते. ज्यांचे पोट रोजावर आहे त्यांच्याकडून फुकट काम घ्यावयाचे आणि इतरांनी भाषणे करावयाची, यास श्रमदान म्हणता येणार नाही. म्हणून जी कामे मजुरीने करून घेतली जातील, त्यांचे दर आधी फळ्यावर लिहावेत आणि चुकारा त्याच संध्याकाळी, सर्वांसमक्ष करावा. मेळाव्याचा जमाखर्चही तेथेच वाचून दाखवावा.

मेळाव्यानंतर

मेळावा उठल्यावर समितीने पंधरा दिवसांच्या आत बैठक घेऊन दोन-तीनच ठराव निश्चित करावेत. समक्ष मोजमाप, ठरलेल्या दिवशी चुकारा आणि फवारणीसाठी संरक्षक साहित्य, एवढे झाले तरी आरंभास पुरे आहे. हे ठराव गुढीपाडव्यापूर्वी ग्रामसभेत वाचावेत आणि पुढील वर्षी त्याच फळ्यावर, काय पाळले गेले व काय राहिले, हे प्रामाणिकपणे लिहावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने गर्दीच्या आकड्यावर समाधान मानू नये. पुढच्या हंगामात किती वेचणाऱ्या स्त्रियांच्या वह्यांत वजन लिहिले गेले, यावरून मेळाव्याचे यश मोजावे.