घरांतील पहिलें झाड

घरांत एखादें झाड असावें असें पुष्कळांस वाटतें. परंतु लावलेलें पहिलेंच झाड मेलें म्हणजे "आपल्या हाताला गुण नाहीं" असें म्हणून तितकेच लोक तो नाद कायमचा सोडून देतात. हा समज किती खोटा आहे हें मला माझ्याच एका चुकीनें शिकविलें. म्हणून प्रथम ती चूक सांगतों व मग विषयाकडे वळतों.

कांहीं वर्षांपूर्वीं जून महिन्यांत मीं वर्गांतील प्रत्येक मुलास कोरफडीचें एकेक पिल्लूं दिलें व सहामाही परीक्षेपूर्वीं तें वाढवून आणून दाखवावें असें सांगितलें. ठरल्या दिवशीं बहुतेकांच्या कुंड्या टेबलावर मांडल्या गेल्या. मनोरीच्या आमच्याच आळींत राहणाऱ्या एका मुलीनें मात्र तेलाचा जुना डबा पुढें केला. त्यांत तपकिरी लगद्यावांचून कांहींच उरलें नव्हतें. मीं तिच्या नांवापुढें "दुर्लक्ष" असा शेरा लिहिला. "सर, मी रोज दोनदां पाणी घालीत होतें," एवढेंच ती म्हणाली. मला तो बहाणा वाटला.

सायंकाळीं वर्ग आवरतांना मीं तो डबा पालथा केला. त्याच्या बुडाला एकही भोंक नव्हतें. तळाशीं दोन बोटें कुजकट पाणी सांचलें होतें व मुळें काळीं पडून त्यांचा चिखल झाला होता. मुलगी खरें बोलत होती. तिनें त्या रोपाची इतरांहून अधिक काळजी घेतली होती, आणि त्या काळजीनेंच तें मेलें होतें. दुर्लक्ष झालें होतें खरें; पण तें माझें. रोप कसें जगवावें हें न सांगतांच मीं तें तिच्या हातीं दिलें होतें. त्या दिवशीं जें सांगावयाचें राहिलें तें आज येथें सांगतों.

प्रथम पाण्याविषयीं. आपल्याप्रमाणेंच मुळांनाही श्वासोच्छ्वास करावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळींत हवा खेळत असते व तिच्यांतील प्राणवायु मुळें घेतात. वरचेवर पाणी ओतलें कीं त्या पोकळ्या पाण्यानें भरून जातात. आणि प्राणवायु हवेपेक्षां पाण्यांत सुमारें १०,००० पट मंद पसरतो. मग मुळें गुदमरतात, कुजतात, व पानांस पाणी पुरविण्याचें त्यांचें काम थांबतें. म्हणजे पाण्यांत बुडालेलें झाडही शेवटीं तहानेनेंच कोमेजतें! अजाण मनुष्य कोमेजलेलीं पानें पाहतो, झाड तहानलें आहे असें समजतो, आणि आणखी एक तांब्या ओततो. घरांतील झाडें पाण्यावांचून मरतात त्याहून अधिक अशा मायेनें मरतात.

यावर उपाय अगदीं साधा आहे. कुंडीच्या बुडाला भोंक असलेंच पाहिजे. कुंडी शक्य तर मातीची, न रंगविलेली घ्यावी. तिच्या भिंतींतून ओल बाहेर पडते. ती मुळांच्या गड्ड्याहून किंचितच मोठी असावी, कारण लहान रोपाभोंवतीं पुष्कळ माती असली म्हणजे ती दिवसेंदिवस ओलीच राहते. पाणी घालण्यापूर्वीं बोटाचीं दोन पेरें मातींत खुपसून पाहावीं. माती ओली लागली तर तांब्या खालीं ठेवावा. "रोज एकदां" किंवा "आठवड्यांतून दोनदां" असा नियम कोणी सांगितला तर तो मानूं नये. एप्रिलच्या उन्हांत जी कुंडी दोन दिवसांत सुकते, तीच आषाढांत पंधरा दिवस ओली राहते.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. येथें आपले डोळे आपल्याला फसवितात. अंधाऱ्या खोलींत बाहुली मोठी होऊन डोळा जुळवून घेतो व खोली पुरेशी उजेडाची आहे असें आपल्याला वाटतें. झाडाला अशी सोय नाहीं. प्रकाश मोजण्याचें लक्स नांवाचें एकक आहे. भर दुपारीं उघड्यावर सुमारें १,००,००० लक्स प्रकाश असतो, तर खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यांत तो पुष्कळदां २०० लक्सही भरत नाहीं. हें मोजण्यास यंत्र नको. दुपारीं झाडाच्या जागीं पांढरा कागद ठेवा व त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट उमटल्या तर प्रकाश भरपूर आहे. सावली पुसट पडली तर मध्यम. सावली दिसलीच नाहीं तर ती जागा झाडाची नव्हे, तेथें चित्र लावावें.

खरें पाहतां "घरांतील झाड" अशी जात निसर्गांत नाहींच. दूरदेशींचीं झाडें माणसानें घरांत आणिलीं, व त्यामागें मोठी गंमतीची हकीकत आहे. लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांनीं १८२९ च्या सुमारास पतंगाचा एक कोश ओल्या मातीसह काचेच्या बरणींत बंद करून ठेविला होता. धुरकट लंडनमध्यें त्यांच्या बागेंत नेचे जगत नसत. त्या बरणींत मात्र एक नेचा आपोआप उगवला. त्यावरून त्यांनीं काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ सालीं अशा पेट्यांतून रोपें महिनोगणती समुद्रप्रवास करून ऑस्ट्रेलियास सुखरूप पोहोंचलीं, आणि पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं चीनमधील चहाचीं रोपें हिंदुस्थानांत आणिलीं तीं याच पेट्यांतून. अशा रीतीनें देशोदेशींच्या वनस्पति एकमेकांच्या खिडक्यांत येऊन बसल्या.

यांपैकीं जीं झाडें घरांत टिकलीं त्यांचीं मुख्य दोन घराणीं आहेत. एक घनदाट अरण्याच्या तळाशीं वाढणारें. तें सावली सोसतें. दुसरें कोरड्या, खडकाळ भूमींतलें. तें तहान सोसतें. म्हणून नवशिक्यानें रोप घेण्यापूर्वीं स्वतःला दोन प्रश्न विचारावे. माझी जागा कशी आहे? आणि माझा स्वभाव कसा आहे? जो दोष आपल्या हातून हटकून घडणार, तोच सोसणारें झाड निवडावें.

जो विसराळू आहे व ज्याच्या खिडकींत ऊन येतें, त्यानें कोरफड लावावी. जो विसराळू आहे पण ज्याची खोली मंद उजेडाची आहे, त्यानें नर्सरींत ज्याला स्नेक प्लांट म्हणतात तें घ्यावें. हें मूळचें पश्चिम आफ्रिकेचें; उभ्या तलवारीसारखीं जाड पानें व त्यांवर आडवे पट्टे. पावसाळ्यांत महिनाभर पाणी न मिळालें तरी तें तक्रार करीत नाहीं. मे महिन्याच्या सुटींत घराला कुलूप लावून गांवीं जाणाऱ्या कुटुंबास याहून सोयीचा सोबती मिळणें कठीण.

जो उतावळा आहे, ज्याला आज लावलें कीं चार दिवसांनीं कांहीं दिसावयास हवें, त्याच्यासाठीं पानफुटी. हिचें एक पान नुसतें ओलसर मातीवर ठेवावें. थोड्याच दिवसांत पानाच्या कडेच्या खांचांतून मुळें व इवलालीं रोपें फुटतात. मूळची ही मादागास्करची. मोरावियन मिशनरी म्हणून हिंदुस्थानांत आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनीं हिचें पान सकाळीं आंबट लागतें व दिवस चढतां चढतां तो आंबटपणा जातो असें टिपून ठेविलें. त्यांचें पत्र १८१५ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीनें छापलें. त्याचा उलगडा पुढें झाला. पानफुटी, कोरफड, स्नेक प्लांट हीं झाडें दिवसां आपलीं पर्णरंध्रें मिटून घेतात, म्हणजे पाणी उडून जात नाहीं. रात्रीं तीं उघडून कर्बवायु घेतात व आम्लाच्या रूपानें सांठवितात. तहान सोसण्याचें त्यांचें गुपित तें हेंच. मात्र तुम्हीं पान चाखण्याचा प्रयोग करूं नका. त्यांत हृदयास अपायकारक द्रव्यें असतात.

स्वयंपाकघराच्या उजेडाच्या खिडकींत पानओवा लावावा. बोटभर फांदी खोंचली कीं ती रुजते, आणि पावसाळ्यांत भज्यांसाठीं पानें हाताशीं असतात. आणि ज्याचा जीव झाडाला पाणी घातल्यावांचून राहत नाहीं, त्यानें मनीप्लांट घ्यावा. हा वेल मूळचा दक्षिण पॅसिफिकमधील मोऑरिया बेटावरचा. याचा पेर असलेला तुकडा पाण्यानें भरलेल्या बाटलींत ठेविला तर तेथेंच त्याला मुळें फुटतात व तो वर्षानुवर्षें पाण्यांतच वाढतो. पाण्यांत मुटलेल्या मुळांची ठेवणच पाण्यांतील थोड्या प्राणवायूवर भागेल अशी असते. त्यानें धन येतें हा समज खुळचट आहे. परंतु त्याच्या रसानें तोंड व घसा चुरचुरतो हें खरें, म्हणून रांगत्या मुलांच्या व मांजरांच्या आवाक्याबाहेर तो ठेवावा.

आतां आमच्या गांवासंबंधीं थोडें. मनोरीच्या एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी. उपनगरांच्या समुद्रकाठीं राहणाऱ्या इतर मुलांसही हाच अनुभव येईल. खारा वारा नाजूक पानांच्या कडा जाळतो. म्हणून पश्चिमेच्या पडवींत नेचे ठेवूं नयेत. तेथें सदाफुली लावावी. ती वाळूंत, उन्हांत, खाऱ्या वाऱ्यांतही फुलते. हिच्याच पानांतून १९५८ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं कर्करोगावरील एक औषध वेगळें केलें; म्हणजे ती सामान्य नव्हे. पण तीही विषारी आहे, तोंडांत घालूं नये. उन्हाळ्यांत ज्या विहिरीचें पाणी मचूळ होतें तें कुंड्यांना घालूं नये, कारण पाणी उडून जातें व मीठ मातींत राहतें. कुंडीच्या कांठावर पांढरी पापडी धरूं लागली तर तीच त्याची खूण. किनाऱ्यावरची वाळूही कुंडींत भरूं नये. लाल माती, कुजलेलें शेणखत व नारळाच्या काथ्याचा भुसा सारख्या प्रमाणांत मिसळावा. नवशिक्यास पहिलें वर्षभर दुसरें खत लागत नाहीं.

आणखी एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. कुंडीखालच्या बशींत व मनीप्लांटच्या बाटलींत सांचलेल्या स्वच्छ पाण्यांत डेंग्यूचा डांस अंडीं घालतो. अंड्यापासून डांस होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर रविवारीं बशी कोरडी पुसावी, बाटली घासून धुवावी व पाणी बदलावें. आपल्या हौसेपायीं शेजाऱ्याचें मूल तापानें फणफणावें हें कोणासही शोभणार नाहीं.

घरांतील झाडें हवा शुद्ध करितात असें हल्लीं फार ऐकूं येतें. अमेरिकेच्या नासा संस्थेनें १९८९ सालीं बंद पेटींत केलेल्या प्रयोगांवरून हा समज पसरला. परंतु २०१९ सालीं अशा अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करण्यांत आला तेव्हां असें दिसलें कीं, घराच्या वायुवीजनाइतकें काम होण्यास दर चौरस मीटर जमिनीस १० ते १,००० झाडें लागतील. तेव्हां हवेसाठीं खिडकी उघडावी हेंच बरें. मग झाड कशासाठीं? जें बोलत नाहीं त्याला काय हवें आहे हें पाहून ओळखण्याची संवय लागावी, यासाठीं. ती संवय मला त्या दिवशीं असती, तर तो शेरा मीं लिहिला नसता.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गासमोर वहींतील तो शब्द खोडला व कां खोडला तेंही सांगितलें. मग पाण्याच्या बाटलींत मनीप्लांटचा एक तुकडा घालून त्या मुलीला दिला. "याला रोज पाहा, पाणी मात्र रविवारींच बदल," एवढेंच सांगितलें. नाताळच्या आधीं ती बाटली घेऊन आली. चार नवीं पानें, व तळाशीं पांढऱ्या मुळांचा झुबका. तिनें बाटली उजेडाकडे धरून मला विचारलें, "सर, हीं मुळें श्वास घेतात ना?" मीं होय म्हणालों. पुढल्या जूनमध्यें नव्या वर्गांतील मुलांना रोपें वाटण्यापूर्वीं मीं त्यांच्या हातीं प्रथम एक खिळा व हातोडी दिली, आणि प्रत्येकाकडून आपापल्या डब्याच्या बुडाला भोंकें पाडून घेतलीं.