दोन सिरिंज कशाला?

हॉस्पिटलमध्ये आपण बरं व्हायला जातो. तिथून नवं दुखणं घरी येऊ नये यासाठी डॉक्टरांइतकंच आपणही काही करू शकतो. त्यासाठी फक्त तोंड उघडायला हवं... आणि हात धुवायला हवेत!

मी टेस्टर आहे. म्हणजे हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत बसून दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा. ॲपमधलं एखादं बटण निळ्याचं हिरवं करायचं असलं तरी आमच्याकडे चेकलिस्ट असते. दोघांनी तपासल्याशिवाय रिलीज नाही. चुकून बटण निळंच राहिलं तर फार फार तर क्लायंट चिडतो, मॅनेजर कॉल लावतो आणि आमचा वीकेंड जातो. कुणाचा जीव जात नाही.

हे सगळं मला आठवलं ते बाबांच्या ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेसातला, पुण्यातल्या एका चांगल्या हॉस्पिटलच्या सेमी-प्रायव्हेट रूममध्ये.

बाबांचं पित्ताशय काढलं होतं. ऑपरेशन मस्त झालं. बाबांना पंधरा वर्षांपासून डायबेटिस, पण शुगर आटोक्यात. घरी रोज सकाळी आईच त्यांना इन्सुलिन देते. त्या दिवशी मी रात्रीची ड्यूटी संपवून ऑफिसला निघायच्या बेतात होते. आई डबा घेऊन आली होती. तेवढ्यात सिस्टर ट्रे घेऊन आत आल्या. ट्रेमध्ये दोन सिरिंज होत्या.

मी मोबाइलवर मेल बघत होते. मला काहीच वेगळं वाटलं नाही. आईला वाटलं.

"सिस्टर, दोन कशाला हो?"

"काकू, चार्टवर साठ लिहिलंय ना. एका सिरिंजमध्ये चाळीसच मावतं."

"साठ? अहो, घरी सकाळी आठ घेतात हे. आणि आत्ता तर नुसत्या पेजेवर आहेत!"

सिस्टर थांबल्या. ट्रे तसाच उचलून बाहेर गेल्या. दहा मिनिटांनी परत आल्या तेव्हा ट्रेमध्ये एकच सिरिंज होती आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. रात्रीच्या आरएमओने लिहिलं होतं सहा युनिट. पण 'युनिट' पूर्ण न लिहिता इंग्रजी सहाच्या आकड्याला चिकटून नुसतं 'यू' काढलं होतं. घाईत काढलेल्या त्या 'यू'चं तोंड वरून मिटलं आणि सहाचे झाले साठ. "काकू, बरं झालं विचारलंत," एवढंच त्या म्हणाल्या.

दहापट डोस. शुगर धाडकन खाली आली असती. घाम, गुंगी, बेशुद्धी... पुढचं मी लिहीत नाही. बाबा मात्र पेज संपवून आईला विचारत होते, "लोणचं आणलंस का?"

एक अक्षर, केवढा घोळ

त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. लॅपटॉप उघडला आणि सवयीप्रमाणे 'बग' शोधायला बसले. कळलं ते असं, की हा बग जगभर सगळ्यांना माहीत आहे! इन्सुलिनच्या चिठ्ठीतलं हे 'यू' शून्यासारखं किंवा चारसारखं दिसतं. म्हणून अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ सालीच ते 'वापरू नका'च्या यादीत टाकलं. शब्द पूर्ण लिहा, संपलं. आपल्याकडेही मेडिकल कौन्सिलने २०१६ साली डॉक्टरांच्या नियमांत बदल केला. औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असं त्यात सांगितलं. म्हणजे नियम आहे. पण रात्री दोन वाजता, तिसऱ्या इमर्जन्सीनंतर, पेन धरणाऱ्या हाताला तो आठवायला हवा ना!

इन्सुलिनची आपल्याकडे आणखी एक गंमत आहे (गंमत कसली!). ह्यूमन इन्सुलिनच्या नेहमीच्या बाटलीत एका मिलीलिटरला ४० युनिट असतात, तर पेनमध्ये आणि काही नव्या इन्सुलिनच्या बाटल्यांत १००. सिरिंजही दोन प्रकारच्या. लाल टोपीची ४०ची, केशरी टोपीची १००ची. केमिस्टकडे नुसतं "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटलं आणि १००च्या बाटलीला ४०ची सिरिंज लागली, की डोस थेट अडीचपट! घरात कुणाला डायबेटिस असेल तर आजच फ्रीज उघडून बाटली आणि सिरिंजचे आकडे जुळतात का ते बघा.

"नाव सांगा, ॲक्शन घेऊ"

राग आलाच होता. दुपारी मी तणतणत ॲडमिनच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब अगदी सौजन्याने म्हणाले, "मॅडम, सिस्टरचं नाव सांगा. आम्ही ॲक्शन घेऊ."

नाव मला माहीत होतं. त्यांच्या बॅजवरच होतं. पण जिभेवर आलेलं नाव मी गिळलं. सकाळी कॉरिडॉरमध्ये त्याच सिस्टर दुसरीला सांगताना मी ऐकलं होतं, की रिलीव्हर आली नाही म्हणून काल दुपारपासून त्या ड्यूटीवरच आहेत. "उद्या सांगते," म्हणून मी परत आले.

आईला सांितलं तर ती शांतपणे म्हणाली, "तिला काढतील. मग दुसरी येईल. ती पण तोच चार्ट वाचेल ना गं?"

माझी आई बँकेतून रिटायर झाली. रोकड जुळल्याशिवाय घरी न जाणाऱ्या पिढीतली. तिने एका वाक्यात जे सांगितलं तेच अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ साली एका जाडजूड अहवालात मांडलं होतं. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं दगावत असावीत, असा त्यांचा अंदाज होता. एवढ्या चुका काही वाईट डॉक्टर-नर्सेस करत नाहीत. चांगली माणसं करतात, कारण व्यवस्थाच चूक करायला सोपी बनवलेली असते. माणूस बदलून उपयोग नाही, चूक करणं अवघड करायला हवं. आमच्या भाषेत सांगायचं तर, डेव्हलपरला शिव्या घालून बग जात नाही!

एक कागद, १९ मुद्दे

डॉ. अतुल गावंडे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. बोस्टनचे सर्जन आणि लेखक. त्यांचे वडील मूळचे महाराष्ट्रातल्या उटी नावाच्या खेड्यातले, म्हणजे माणूस तसा आपलाच! त्यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशन थिएटरसाठी एक चेकलिस्ट आणली. एकच पान, मुद्दे १९. पेशंटचं नाव काय, ऑपरेशन कुठल्या बाजूचं, ॲलर्जी आहे का, अँटिबायोटिक वेळेवर दिलं का, शेवटी सुया-गॉज मोजून झाले का... आणि हो, टीममधल्या सगळ्यांनी आपापलं नाव सांगायचं. वाचून वाटतं, हे काय सांगायला हवं?

जगातल्या आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली. त्यात आपली दिल्लीही होती. जानेवारी २००९मध्ये निकाल छापून आले. ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले आणि मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. नवं मशीन नाही, नवं औषध नाही. एक कागद आणि तो मोठ्याने वाचायची शिस्त.

हात धुतलेत का?

आता जरा आपल्याबद्दल बोलू. कारण त्या पाच दिवसांत सगळ्यात बेशिस्त कोण होतं माहितेय? आम्ही!

बाबांना भेटायला कोण कोण आलं नाही? काका-काकू, सोसायटीतले जोशीकाका, बाबांचा मॉर्निंग वॉकचा अख्खा ग्रुप. सगळे रिक्षातून, बसमधून, बाइकवरून थेट रूममध्ये. आल्या आल्या पलंगावर बैठक, बाबांचा हात हातात, "कसं वाटतंय आता?" एका चुलत भावाला तर सणसणीत सर्दी होती. बेडच्या पायथ्याशी हँडरबची बाटली लटकत होती. पाच दिवसांत तिला किती पाहुण्यांनी हात लावला? मी मोजलं. एकाने. तोही सॅनिटायझर समजून मोबाइल पुसायला!

कोरोनात दाराच्या कडीलाही सॅनिटायझर फासणारे आपण, दोन वर्षांत सगळं विसरलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालात म्हटलंय, की श्रीमंत देशांत हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या दर १०० पेशंटपैकी ७ जणांना आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तिथेच नवं इन्फेक्शन लागतं. असं इन्फेक्शन झालेल्या दर दहांतला सरासरी एक दगावतो. आणि हे जंतू पसरायचा सर्वांत सोपा रस्ता म्हणजे हात. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, मावशींचे... आणि आपलेही.

गोष्ट जुनीच आहे. १८४७ साल, व्हिएन्नाचं मोठं हॉस्पिटल. तिथे बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एक डॉक्टरांकडे, एक सुइणींकडे. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं, की डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतपणाला येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनपर्यंत दोन टक्क्यांच्या आसपास आले! त्याचं कौतुक झालं असेल? छे! आमचे हात घाणेरडे म्हणतोस काय, म्हणून बडे डॉक्टर रागावले. तो १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून गेला.

म्हणजे "हात धुतलेत का?" हा प्रश्न तेव्हाही उद्धट वाटायचा आणि आजही वाटतो. मलाही वाटला. ड्रेसिंगला आलेल्या डॉक्टरांना मी चाचरत विचारलं. क्षणभर ते बघतच राहिले. मग हसून त्यांनी बाटली दाबली, हात चोळले आणि म्हणाले, "विचारत जा. आम्हीही विसरतो."

तुमच्यासाठी चेकलिस्ट (मोबाइलमध्ये सेव्ह करा!)

• औषधांची यादी : आई-बाबांची सगळी औषधं, डोस, वेळ आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून ठेवा. ॲडमिशनच्या वेळी हाच कागद पहिल्यांदा द्या.

• तीन प्रश्न : प्रत्येक गोळी-इंजेक्शनच्या आधी विचारा, कसलं? किती? कशासाठी? आवाज चढवायची गरज नाही.

• नाव सांगा : प्रत्येक वेळी पेशंटचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा. नुसता बेड नंबर चालणार नाही. एकाच वॉर्डात दोन पाटील असू शकतात!

• कुठली बाजू? : गुडघा, डोळा, हर्निया असेल तर ऑपरेशनच्या बाजूला आधी खूण करून घेतली का, ते बघा.

• नळी कधी निघणार? : सलाइनची सुई, लघवीची नळी रोज लागतेच असं नाही. जितके दिवस जास्त, तितका इन्फेक्शनचा धोका जास्त. राउंडच्या वेळी रोज विचारा.

• हात : रूममध्ये शिरताना आणि निघताना हँडरब, २० ते ३० सेकंद. हात मळलेले असतील तर साबण-पाणी.

• पाहुणे : सर्दी-ताप असेल तर व्हिडिओ कॉल करा. पलंगावर बसू नका. काळजी फोनवरूनही पोचते.

• डिस्चार्ज : जुनी आणि नवी औषधं शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. दोन वेगळ्या ब्रँडच्या पाकिटांत एकच औषध निघू शकतं.

• कागदपत्रं : केस पेपरची कॉपी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. २००२च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनुसार ती मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवी.

आणि मग...

दुसऱ्या दिवशी मी ॲडमिनला एक पानी पत्र दिलं. कुणाचंही नाव नाही. आमच्या बग रिपोर्टसारखंच लिहिलं. काय घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करता येईल. मागण्या तीन : चार्टवर 'युनिट' पूर्ण लिहा, इन्सुलिन देण्याआधी दुसऱ्या सिस्टरने डोस तपासावा, आणि रिलीव्हर न येता कुणालाही सलग दोन ड्यूट्या देऊ नका. साहेबांनी ते वाचून "बघतो" म्हटलं. आपल्याकडे 'बघतो'चा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीतच आहे.

दहा दिवसांनी टाके दाखवायला गेलो तेव्हा मी मुद्दाम वॉर्डात डोकावले. नर्सिंग स्टेशनच्या काचेवर एक कागद चिकटवला होता. 'इन्सुलिन : युनिट हा शब्द पूर्ण लिहिणे. डोस दोघींनी तपासणे.' मार्करने, मोठ्या अक्षरांत. तीनपैकी दोन झाल्या. ड्यूट्यांचं काय, ते कागदावर नव्हतं.

काउंटरमागे त्याच सिस्टर होत्या. आईला बघून त्या उठून बाहेर आल्या.

"काका कसे आहेत?"

"छान आहेत. लोणचं मागतात रोज," आई म्हणाली. "तुझं काय बाळा? जेवलीस का?"

दुपारचे साडेतीन वाजले होते. त्या नुसत्या हसल्या.