लाल गोळीच्या आधीची गोळी



गरोदर बाईने लाल गोळी घ्यायची असते, हे आता आपल्या वस्त्यांमध्ये लहान पोरांनाही ठाऊक आहे. आशाताई ती घरी आणून देतात. काही भगिनी नेमाने घेतात, काही मळमळ होते म्हणून डब्यात ठेवून देतात. पण या लाल गोळीच्याही आधीची एक गोळी आहे आणि ती बहुतेक घरांत पोहोचतच नाही. तिचे नाव फॉलिक अ‍ॅसिड. ती दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते आणि तिचे काम बाळाच्या मणक्याशी व मेंदूशी आहे. तिच्याबद्दल सांगायला गेलो की सुना म्हणतात, "आताच कायले घेऊ? पाळी तं अजून चुकली नाही." या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेऊ.

अठ्ठावीस दिवसांचे काम

गर्भ अगदी लहान असतो तेव्हा त्याच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक सपाट पट्टी असते. ती आधी पन्हळीसारखी खोलगट होते. मग तिच्या दोन्ही कडा एकमेकींना जुळतात आणि बंद नळी तयार होते. या नळीच्या वरच्या टोकापासून मेंदू बनतो आणि खालच्या भागातून पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत ही नळी पूर्ण मिटते.

ती खालच्या बाजूला उघडी राहिली तर बाळाच्या पाठीवर फोडासारखी पिशवी दिसते. डॉक्टर त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. अशा बाळाच्या पायांत ताकद कमी असू शकते, लघवी-संडासवर ताबा राहत नाही, डोक्यात पाणी साचू शकते. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर डोक्याची कवटी आणि मेंदू नीट बनत नाहीत. असे बाळ जगत नाही.

पेशी भराभर वाढायच्या तर त्यांना फोलेट नावाचे जीवनसत्त्व लागते. फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचेच गोळीतले रूप. नळी मिटण्याच्या दिवसांत आईच्या रक्तात ते पुरेसे असले, तर नळी उघडी राहण्याचा धोका बराच कमी होतो.

तारखा मोजून पाहा

समजा, एका सुनेची पाळी १ जूनला आली. पाळी नियमित असेल तर १५ जूनच्या सुमारास गर्भ राहतो. २९ जूनला पाळी चुकते. आठ-दहा दिवस ती वाट पाहते, मग तपासणी करते. १३ जुलैपर्यंत बाळाची नळी मिटून झालेली असते. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा असे सरकार सांगते, म्हणजे २४ ऑगस्टपर्यंत. लाल गोळी सुरू होते ती त्यानंतर, चौथ्या महिन्यापासून.

म्हणजे नाव अगदी वेळेत नोंदवले तरी लाल गोळी हातात येते तेव्हा मणक्याची नळी मिटून सहा आठवडे उलटलेले असतात. लाल गोळीतही ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते, पण तिचे मुख्य काम रक्त वाढवण्याचे. ते काम मोठे आहे, म्हणून ती चुकवू नका. मणक्यासाठी मात्र तिची वेळ निघून गेलेली असते.

मुंबईच्या कामगार बायांपासून सुरू झालेला शोध

फोलेटचा शोध आपल्याच महाराष्ट्रात सुरू झाला. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांतल्या गरीब कामगार बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि त्यात कित्येकींचा जीव जाई. त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. विल्स यांनी या बायांचे खाणेपिणे तपासले. तसलाच निकृष्ट आहार दिलेल्या माकडांना हा रक्तक्षय झाला आणि यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा झाला. तोच अर्क गरोदर बायांना दिल्यावर त्यांचेही रक्त सुधारले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातला तो अनोळखी पदार्थ म्हणजे फोलेट. १९४१ साली अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात म्हणून त्याचे नाव फॉलिक अ‍ॅसिड पडले.

विल्स मुंबईत आल्या त्याच १९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. एकीकडे दवाखान्यात आणि दुसरीकडे कायदेमंडळात, प्रश्न एकाच बाईचा होता: तिच्या पोटातल्या बाळाची जबाबदारी एकट्या तिच्यावर टाकायची का?

मणक्याशी असलेला संबंध पक्का व्हायला पुढे साठ वर्षे लागली. ज्या आयांचे आधीचे बाळ या दोषाचे होते, अशा आयांवर सात देशांत अभ्यास झाला. फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांमध्ये हा दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ साली दिसले. मग चीनमध्ये सुमारे अडीच लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. तिथे रोज फक्त ४०० मायक्रोग्रॅमची गोळी होती. १९९९ साली निष्कर्ष आले. दक्षिण चीनमध्ये हा दोष आधीच कमी होता, तिथेही गोळी नियमित घेणाऱ्यांमध्ये तो ४१ टक्क्यांनी घटला. उत्तरेत तो जास्त आढळत होता, तिथे ७९ टक्क्यांनी घटला.

गोळी घेतली की सगळेच दोष टळतात, असे नाही. पण इतक्या स्वस्त गोळीने इतके मोठे संकट टळण्याची उदाहरणे आरोग्यशास्त्रात थोडीच आहेत.

ग्रहण, नजर आणि आईवरचा ठपका

असे बाळ जन्मले की घरात पहिला प्रश्न येतो, "ग्रहणात काही चिरलं होतं का?" दुसरा प्रश्न, "तिच्या माहेरी कोणाला होतं का?" बाविस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे प्रश्न आम्ही ऐकतो. ग्रहणात सूर्य, चंद्र आणि पृथ्वीच्या सावल्यांचा खेळ होतो. बाईच्या हातातल्या विळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तथागतांनी कार्यकारणभाव पाहायला शिकवले. मग इथेही कारणच पाहू. आहारातली कमतरता, काही औषधे, मधुमेह आणि आनुवंशिकतेचा थोडा वाटा, ही यामागची माहीत असलेली कारणे. कधी कधी यातले एकही सापडत नाही.

ज्या गोळीबद्दल बाईला कोणी सांगितलेच नाही, ती घेतली नाही म्हणून दोष तिचा कसा? सासूबाईंनी आणि नवऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

कोणी, कधी, किती

दिवस राहू शकतात अशा प्रत्येक स्त्रीने ही गोळी घ्यावी. लग्न ठरलेली मुलगी, नवी सून, दुसऱ्या बाळाचा विचार करणारी आई, तांबी काढायला निघालेली बाई, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणारी बाई, सगळ्या यात आल्या. गर्भपात झाल्यावर पुन्हा मूल हवे असेल, तिनेही घ्यावी.

दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधी सुरू करावी. तीन महिने आधी केली तर उत्तम. गरोदरपणाचे पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज घ्यावी. चौथ्या महिन्यापासून लाल गोळी सुरू होते.

प्रमाण रोज ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजेच ०.४ मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानात फॉलिक अ‍ॅसिड मागितले की बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. ती बारा पटींहून मोठी आहे. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर घाबरू नका. पण स्वतःच्या मनाने ती महिनोन्‌महिने घेऊ नका. अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर मोठ्या मात्रेमुळे ती कमतरता झाकली जाते आणि नसांना इजा होऊ शकते. पाकिटावरचा आकडा वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला सांगा.

काही स्त्रियांना मात्र मोठी मात्राच लागते. आधीचे बाळ या दोषाचे असेल, नवरा किंवा बायको यांपैकी कोणाला हा दोष असेल, फिटची औषधे चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा. फिटची गोळी स्वतःहून बंद करू नका, त्यात जिवाला धोका आहे.

शाळकरी मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी रक्तासाठी चांगली आहे. पण तिच्यात ५०० मायक्रोग्रॅमच असते. आठवड्याला एक गोळी म्हणजे जेमतेम एका दिवसाची मात्रा. लग्न झालेल्या मुलीने तिच्यावर विसंबू नये.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

आपल्या विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्याही समाजात मोठ्या प्रमाणात आहे. ज्या घरात एसएस रुग्ण आहे, त्या घरात फॉलिक अ‍ॅसिड ओळखीचे असते. सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर फुटतात आणि नव्या बनवायला फोलेट जास्त लागते, म्हणून ती गोळी रोज देतात. अशा मुलीचे लग्न झाले तर तिने गोळी चालूच ठेवावी. पण लोहाची लाल गोळी तपासणीशिवाय घेऊ नये. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांशी बोलावे, दिवस गेल्यावर नाही.

नवरा-बायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी दोघांचीही तपासणी करून घ्या.

ताटातून किती मिळते

पालक, मेथी, चवळाई, अंबाडी, शेवग्याची पाने, हरभरा, मूग, बरबटी, तुरीचे वरण, शेंगदाणे, अंडी या सगळ्यांत फोलेट आहे. वरुड-मोर्शीकडची संत्री हंगामात स्वस्त होतात, त्यांतही आहे. पण फोलेट पाण्यात विरघळते आणि जास्त शिजवले की नष्ट होते. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा, कमी पाण्यात झाकण ठेवून शिजवा आणि उरलेले पाणी फेकू नका, वरणात टाका.

बी-१२ मात्र पालेभाजीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत मिळते. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९३ पासून झालेल्या माता-पोषण अभ्यासात बऱ्याच गरोदर बायांमध्ये हेच जीवनसत्त्व कमी आढळले होते. म्हणून गोळीच्या जोडीला अंडे किंवा दूध जरूर असावे.

रेशनच्या फोर्टिफाइड तांदळाबद्दलही सांगायला हवे. त्यातले वेगळे दिसणारे दाणे प्लास्टिकचे म्हणून निवडून टाकू नका. ते तांदळाच्याच पिठाचे असून त्यांत लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घातलेले असते. पण त्याने गोळीची गरज भागत नाही. एका किलो तांदळात ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असावे असे ठरले आहे. पाच किलो तांदूळ महिनाभर एकटीने खाल्ला तरी मिळते ३७५ ते ६२५ मायक्रोग्रॅम. गोळीतून जे एक-दीड दिवसात मिळते, ते तांदळातून पूर्ण महिन्यात.

तपासणी आणि तशा बाळाची काळजी

अठराव्या ते विसाव्या आठवड्यात सोनोग्राफी जरूर करा. त्यात मणक्याचे आणि डोक्याचे बहुतेक मोठे दोष दिसतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.

बाळाच्या पाठीवर फोड दिसला तर त्यावर हळद, तेल, राख काहीही लावू नका. फोड दाबू नका. बाळाला पालथे किंवा कुशीवर ठेवून लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन दिवसांत करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून या दोषाचा समावेश आहे, त्यातून उपचार मिळतात. बाळ वाढते तसे दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. अशी कित्येक मुले शाळेत जातात, शिकतात. त्यांना लपवून ठेवू नका.

वस्तीने करायचे काम

नवरा-बायकोने मूल कधी हवे हे मिळून ठरवले, तरच ही गोळी वेळेवर घेता येते. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा प्रश्न मांडला होता. मूल कधी व्हावे हे बाईच्या हाती असावे, हा विचार आपल्याला नवा नाही.

लग्न जमले की पत्रिका छापायला देतो, मंडप ठरवतो, मंगल परिणयासाठी विहार ठरवतो. त्याच आठवड्यात मुलीला गोळीबद्दल सांगा. आई लाजत असेल तर वहिनीने सांगावे, आत्याने सांगावे. मुलालाही सांगा, म्हणजे गोळी संपली की तो आणून देईल.

वर्षावासात विहारात रोज ग्रंथवाचन होते आणि महिला मंडळाच्या भगिनी जमतात. त्यातला एक दिवस पंधरा मिनिटे या विषयाला द्या. आशाताईंना बोलवा.

गोळी मागायला लाजू नका. उपकेंद्रात, शहरी आरोग्य केंद्रात, अमरावतीला डफरीनमध्ये, अकोल्याला लेडी हार्डिंगमध्ये जाऊन विचारा, "मूल हवं आहे, ४०० ची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी द्या." ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात गर्भधारणेच्या आधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत ही गोळी रोज घ्यावी असे सरकारनेच लिहून ठेवले आहे. "आधी दिवस जाऊ द्या, मग या," असे कोणी म्हणाले तर हे सांगा. साठा नसेल तर महिला मंडळाच्या नावाने वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. पाच सुना मिळून मागायला लागल्या की सहावीसाठी गोळी आपोआप कपाटात येऊन राहते.