जीएम सोयाबीन पेरायला बंदी, मग त्याचीच ढेप परदेशातून कशी आली?

मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनला काय भाव मिळणार, हे फक्त बाजार समितीत ठरत नाही. कधीकधी ते दिल्लीत निघालेल्या एका अधिसूचनेवरही ठरतं. २०२१ मध्ये नेमकं हेच झालं.

त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीननं क्विंटलमागे १० हजारांचा टप्पा ओलांडला होता. हमीभाव होता ३,९५० रुपये. शेतकरी खुश होता, पण कोंबडीचं खाद्य महागल्यानं पोल्ट्रीवाले अडचणीत आले. त्यांच्या मागणीवरून केंद्रानं १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पुढं नवा माल बाजारात आला आणि भाव जवळपास निम्म्यावर आले. घसरणीला नवी आवक कारण होतीच, पण आयातीच्या निर्णयानं बाजाराचा मूड आधीच बदलला होता.

तेल नाही, खरा खेळ ढेपेचा

एक क्विंटल सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं. बाकी बहुतेक सगळी पेंड, म्हणजे वऱ्हाडातली ढेप. त्यामुळे ढेपेचा भाव पडला की सोयाबीनही पडतं.

मग नियमांचं काय?

भारतात जीएम पीक म्हणून फक्त बीटी कापसाच्या लागवडीला मंजुरी आहे, तीही २००२ पासून. जीएम सोयाबीन पेरता येत नाही. मंजुरी नसलेलं जीएम बियाणं पेरलं, तर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २०२४ पर्यंत ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. तरीही जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथं शेतकरी संघटनेनं एचटीबीटी कापूस जाहीरपणे पेरून या बंदीला आव्हान दिलं होतं.

अन्नासाठीही नियम कडक आहेत. एफएसएसएआयच्या २०२० च्या आदेशानुसार सोयाबीनसह २४ पिकांच्या आयातीसोबत 'जीएम नाही' असं प्रमाणपत्र लागतं. चुकून झालेली भेसळ १ टक्क्यापर्यंतच चालते.

मग ढेप कशी आली? सरकारचं म्हणणं होतं, की दळून तेल काढलेल्या पेंडीत जिवंत बी उरत नाही. ती उगवणार नाही, म्हणून पर्यावरणाला धोका नाही. शिवाय ती जनावरांचं खाद्य आहे, माणसाचं अन्न नाही. आयात होणारं सोयातेलही असंच, बहुतांश जीएम सोयाबीनचं असतं. अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये जवळपास सगळं सोयाबीन जीएमच आहे.

अमेरिकेला अडचण कुठं?

जागतिक व्यापार संघटनेचा एसपीएस करार १९९५ पासून लागू आहे. अन्न सुरक्षेसाठी देश नियम करू शकतो, पण त्याला शास्त्रीय आधार हवा, असं हा करार सांगतो. युरोपनं जीएम मंजुऱ्या रखडवल्या, तेव्हा अमेरिका, कॅनडा आणि अर्जेंटिना तक्रार घेऊन गेले आणि २००६ मध्ये निकाल युरोपच्या विरोधात लागला. भारताचं प्रमाणपत्रही अमेरिका व्यापारातला अडथळा मानते.

शेतकऱ्याचा सवाल

भारताची पेंड परदेशात 'बिगर-जीएम' म्हणून विकली जाते, ही तिची ओळख आहे. पण इथल्या शेतकऱ्याला जीएमचं जास्त उत्पन्न देऊ शकणारं बियाणं मिळत नाही आणि भाव चढले की त्याच बियाण्याच्या मालाशी स्पर्धा करावी लागते. बियाण्याला बंदी ठेवायची असेल, तर आयातीचा निर्णय पेरणीच्या आधी जाहीर व्हावा, एवढी तरी अपेक्षा रास्त आहे. २०२१ मध्ये तो आला, तेव्हा सोयाबीन शेतात उभं होतं.